सकाळचा खर्च

"आधी लिही, कुंदे, मग गीळ. गिळल्यावर माणूस विसरतो."

शालननं हे सांगितलं तेव्हा आम्ही लाओस देशातल्या हुआय साय नावाच्या गावात, मेकाँग नदीच्या काठी एका बाकावर बसलो होतो. पलीकडच्या तीरावर थायलंड दिसत होता. तासाभरापूर्वीच आम्ही तिथून आलो होतो. माझ्या हातात अर्धं सोललेलं केळं होतं. शालननं ते तिथंच थांबवलं, सॅकच्या वरच्या कप्प्यातून शंभर पानी वही काढली आणि पट्टी नसल्यामुळे पासपोर्टच्या कडेनं तीन रकाने आखून दिले. डावीकडे कुंदा, उजवीकडे शालन, मध्ये दोघींचं.

खोली, गाडी, बोट असं जे जे दोघींना मिळून लागेल ते मधल्या रकान्यात. संध्याकाळी त्याचे दोन भाग करून ज्याचे त्यानं देऊन टाकायचे. खाणं मात्र ज्याचं त्याचं.

"म्हणजे तुझ्या व्रताला धक्का नाही आणि माझ्या पेन्शनलाही नाही," ती म्हणाली. मी केळ्याचे तीन हजार किप डावीकडे लिहिले. एका रुपयाला तिकडचे एकशेवीस किप मिळत, त्यामुळे पहिल्या दिवशी मी प्रत्येक आकड्यावरची शून्यं दोनदा मोजली. मग सवय झाली.

शालन आणि मी मिरजेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकोणतीस वर्षं शेजारच्या खुर्च्यांवर बसलो. ती कोपर्ड्यांची सून. नवरा गेल्यावर दोन वर्षं घरात बसली आणि मग एकदम उठली ती पाठीला सॅक लावूनच. मुलानं दिलेल्या लॅपटॉपवर ती परदेशातल्या तरुण पोरापोरींचं प्रवासाचं लिखाण वाचायची. नेपाळला एकटी जाऊन आठ जणांच्या खोलीत वरच्या पलंगावर झोपून आली होती. मी काशीच्या पलीकडे गेले नव्हते. माझ्यामागे तिनं वर्षभर टुमणं लावलं. सतरा दिवस, दोन देश, विमानाचं भाडं सोडून वीस हजारांत. टूर कंपनीवाले नव्वद हजार घेऊन बसच्या खिडक्या दाखवतात, असं तिचं म्हणणं.

मी तयार झाले त्याचं कारण वेगळं होतं. टूर कंपनीत जेवण सगळ्यांचं मिळून असतं. कोणी कोणाचे भरले, कोणाला सूट मिळाली, काही कळत नाही. शालनच्या पद्धतीत घासाघासाचा हिशेब राहणार होता आणि मला तोच हवा होता.

माझा धाकटा भाऊ वामन चाळिशीतच अर्धांगवायूनं पडला. उजवा हात, उजवा पाय, वाचा, सगळं गेलं होतं. तेव्हा मी देवापुढे बोलले होते की बारा वर्षं परान्न घेणार नाही. दुसऱ्याच्या पैशाचा एक घास नाही. लग्नातली पंगत नाही, संक्रांतीचा तिळगूळ नाही, ऑफिसातला पेढा नाही. मी वामनच्याच घरात राहत होते, लग्न केलं नव्हतं, पण त्या दिवसापासून माझी चूल वेगळी झाली. माझं पीठ, माझं मीठ. चार महिन्यांनी वामन उठला. काठी घेऊन दुकानात जाऊ लागला. त्याचं चालणं आणि माझं व्रत या दोन गोष्टी माझ्या मनात एकाच दोऱ्यात ओवल्या गेल्या होत्या. बारावं वर्ष त्या कार्तिकात पुरं होत होतं. आम्ही परतणार होतो द्वादशीच्या पाच दिवस आधी. बारा दांपत्यांना उद्यापनाचं आमंत्रण देऊन मगच मी निघाले होते. तेव्हा या सतरा दिवसांत एक जरी घास दुसऱ्याच्या पैशाचा पोटात गेला तर अकरा वर्षं आणि वर काही महिने पाण्यात जाणार होते. आणि मला डोळ्यांसमोर वामनचा पाय दिसायचा.

माझा आणखी एक नेम होता, रोजचा. उठल्यापासून अकरा माळा पुऱ्या होईपर्यंत मौन. शालनला तो ठाऊक होता, ती त्यावरून चेष्टाही करायची. देवाशी एवढं बोलतेस तर त्याला बोटीचं तिकीट कितीला ते विचार, म्हणायची.

पहिल्या सकाळी बोटीचं तिकीट काढायचं होतं. मी सॅक सांभाळत माळ घेऊन पायरीवर बसले आणि शालन खिडकीपाशी गेली. दोघींचे मिळून चार लाख वीस हजार. तिनं दिले. बोट सुटली, नदी वळली, माझी शेवटची माळ संपली तशी ती म्हणाली, "बोल आता. चार वीस. मध्ये लिही." मी लिहिलं आणि संध्याकाळी पाकबेंगच्या मुक्कामात माझे दोन लाख दहा हजार तिच्या हातावर ठेवले. दुसऱ्या सकाळी खोलीचे ऐंशी हजार तिनं दिले, मला सांगितले, मी लिहिले. तिसऱ्या दिवशीही तसंच.

सकाळच्या पैशांत एक अडचण होती. तिकडच्या गेस्टहाऊसमध्ये खोलीच्या भाड्यातच सकाळी फळांची एक बशी मिळते. पपई, केळी, कधी ड्रॅगनफ्रूट. माळा झाल्या की मी तीच खायची. पहिल्याच दिवशी मी शालनशी यावर बोलून घेतलं. भाड्याचा माझा अर्धा वाटा त्याच दिवशी गेला तर ती फळं परान्न ठरत नाहीत, हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. शालन म्हणाली की असा प्रश्न वकिलालाही पडला नसता. पण ठरवलं, एवढं खरं.

चौथ्या दिवशी आम्ही लुआंग प्रबांगमध्ये होतो. पहाटे रस्त्यावर बौद्ध भिक्षूंची रांग निघते. बायका चटईवर गुडघे टेकून बसतात आणि पुढून जाणाऱ्या प्रत्येकाच्या पात्रात चिकट भाताची चिमूट टाकतात. पंधरा-सोळा वर्षांची मुलंही होती त्यांत. कोणी मान वर करून बघत नव्हतं कोण काय देतंय. शालन माझ्या कानाशी लागून पुटपुटली, "हे बघ. आयुष्यभर सगळं परान्नच." मला मौन होतं, मी नुसती माळ पुढे ढकलली.

परत येऊन तिनं काउंटरवर खोलीचे पैसे दिले. मी बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. माळा संपल्या, फळांची बशी आली, मी खाल्ली. शालन समोर बसून नकाशा बघत होती. आकडा तिनं सांगितला नाही. मीही वही उघडली ती दुपारी, माझ्या पपईचे आणि भाताचे लिहायला. मधला रकाना त्या दिवशी कोरा राहिला. दोन दिवसांचे एकदम सांगेल, असं म्हणून मी वही मिटली.

मग ते तसंच सुरू झालं. प्रवासात मला माळांना वेळ लागू लागला. गर्दी, धूळ, गाड्यांचे आवाज, मन एकाग्र होत नव्हतं. कधी दहा वाजायचे, कधी साडेदहा. गाड्या तिकडे सकाळी सुटतात, खोलीचे पैसे सकाळी द्यायचे असतात, पाण्याच्या मोठ्या बाटल्या सकाळी घ्यायच्या असतात. शालन ते करत होती. तिला दोन वाक्यं इंग्रजी यायचं आणि बाकीचं ती हातांनी बोलायची, त्यामुळे लोकांशी बोलायचं काम आपोआप तिच्याकडे गेलं होतं.

माझे पैसे मात्र छान पुरत होते. कमरेच्या पाकिटात मी घरून आणलेले डॉलर होते, ते मी दोनदाच बदलले. रात्री पाकीट चाचपताना मला देवाचा हात जाणवायचा. वहीच्या समासात मी रोज एक 'श्री' काढत होते.

शालन या दिवसांत खायची कमी झाली. सुरुवातीला ती रस्त्यावर बसून मोठा वाडगाभर नूडल्स खायची, वर लिंबू पिळायची, अंडंही घालून घ्यायची. लुआंग प्रबांगच्या चौथ्या दिवसापासून ती फक्त चिकट भात घेऊ लागली. बांबूच्या टोपलीत पाच हजार किपचा. मी माझं मेतकूट पुढे केलं. मला देण्याला आडकाठी नव्हती, घेण्याला होती. ती हसली.

"नको. तुझा नेम मलाही लागलाय बघ. परान्न बंद."

मला खरंच बरं वाटलं. एकोणतीस वर्षं जिनं माझ्या उपासांची थट्टा केली तिनं आपणहून एक नेम धरला होता. मी तिला सांगितलं की अन्नावरची वासना कमी होणं हे मोठं लक्षण आहे. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग टोपलीत तळाशी चिकटलेला भात नखानं काढून खाऊ लागली.

तिथून आम्ही नोंग खियावला गेलो. चार तासांची व्हॅन होती, नऊला सुटणारी. माळा संपल्या तेव्हा व्हॅन डोंगरात शिरली होती. नोंग खियाव म्हणजे दोन उभ्या कड्यांच्या मधून जाणारी नदी आणि एक पूल. आम्ही पुलापलीकडे बांबूच्या खोलीत उतरलो. मालकीण खाम नावाची, आमच्याच वयाची विधवा बाई होती. शालनचं आणि तिचं भाषा नसतानाही जमलं. दोघी एकमेकींना आपापल्या नातवंडांचे फोटो दाखवत बसायच्या.

शालनला त्या गावचा डोंगर चढायचा होता. मिरजेत असल्यापासून ती त्या डोंगराचा फोटो मला दाखवत होती. दीड तासाची चढण, वरून ढग खाली दिसतात. तिसऱ्या दिवशी, म्हणजे लाओसमधल्या बाराव्या दिवशी, आम्ही दुपारी निघालो. पायथ्याला वीस हजारांचं तिकीट होतं. शालन म्हणाली, तू काढ, मी बघते जमतंय का. पहिल्या वळणावर ती दगडावर बसली. तोंडाला घाम आला होता, ओठ पांढरे पडले होते. गुडघा म्हणाली. मी थांबते म्हटलं तर हातानं मला वर ढकललं.

मी गेले. एकटीच वर जाऊन ढग बघितले, विष्णुसहस्रनामातले आठवतील तेवढे श्लोक म्हटले आणि खाली आले. शालन दगडावर नव्हती.

ती खामच्या स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. पुढे भाताच्या दाट पेजेचा वाडगा होता आणि ती तो दोन्ही हातांनी तोंडाला लावून पीत होती. खाम शेजारी उकिडवी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला वाटलं, दुपारचं जेवण राहिलं असेल. मी दारातच वही काढली.

"किती झाले?"

शालन थांबली नाही. पेज संपवली, बोटानं वाडगा पुसला, बोट चाटलं.

"काही झाले नाहीत. दिली तिनं."

मी हळूच आठवण करून दिली की तिनंही परान्न सोडलं होतं ना.

"भूक लागली होती, कुंदे."

मग विकत घ्यायचं, मी म्हटलं. वीस हजाराला नूडल्स मिळतात. शालननं खांद्यावरची पिशवी पाटावर पालथी केली. नोटा सरळ करून माझ्यासमोर मोजल्या. एक लाख नव्वद हजार किप. आपले पंधराशे-सोळाशे रुपये. पुढे व्हिएनतियानची बस होती, तिथून बँकॉकची गाडी होती, पाच दिवस होते. आम्हा दोघींकडे परदेशात चालणारं कार्ड नव्हतं.

मला खरोखर काळजी वाटली. चोरी झाली का, कुठे पडले का, असं मी विचारलं.

"सकाळी गेले," शालन म्हणाली.

तिनं माझ्या हातातली वही घेतली, पानं उलटी चाळली आणि मधल्या रकान्यावर बोट ठेवलं. तीन दिवस भरलेले होते. पुढची नऊ पानं मधोमध पांढरी.

"नऊ खोल्या. गाड्या. पाणी. नऊ दिवस आपण काय झाडावर झोपलो?"

खाम उठून बाहेर गेली. तिला शब्द कळले नसतील, पण कळायचं ते कळलं असावं.

तू सांगायला हवं होतंस, मी म्हटलं. माझा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही.

"तीन दिवस सांगितलं. चौथ्या दिवशी म्हटलं, आज ही विचारेल. पाचव्या दिवशीही म्हटलं. मग मलाच बघायचं होतं."

"काय बघायचं होतं?"

"किती दिवस विचारत नाहीस ते. माझे पैसे संपेपर्यंत तरी विचारशील असं वाटलं होतं."

मी म्हटलं, सकाळी मला मौन असतं, तुला माहीत आहे. शालननं मान हलवली. मग एक एक शब्द सावकाश, जणू ट्रंककॉल लावल्यासारखा, बोलली.

"मिरजेत तुझ्या अकरा माळा आठला संपायच्या. साडेआठला तू कानाला हेडफोन लावून बोर्डावर बसलेली असायचीस. एकोणतीस वर्षांत एकदा उशीर झाला नाही तुला. इथे त्या गाडी सुटल्यावर संपतात. रोज. तिकीट फाडलं की तुझी माळ सरते."

बाहेर खामची कोंबडी ओरडत होती.

"तुला माहीत होतं ना?" शालन म्हणाली. आता ती रागात नव्हती. "हो म्हण. एवढंच म्हण, कुंदे. पैसे नकोत मला. मी मुलाला फोन करून मागवीन कसेतरी. तू फक्त हो म्हण."

हो म्हणणं सोपं होतं असं आज वाटतं. त्या वेळी मला हो म्हटलं की पुढे काय काय आहे ते सगळं दिसलं. नऊ सकाळच्या फळांच्या बशा. बारा वर्षांत सोडलेले सगळे पेढे, सगळ्या पंगती. केळीचे खांब बांधायला सांगून ठेवलेला माणूस, बारा जोडपी. आणि काठी टेकत दुकानाची पायरी चढणारा वामन. न कळत पोटात गेलं तर दोष नसतो. कळून गेलं तर असतो. सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं.

माझ्या पिशवीत सहस्रनामाची छोटी पोथी होती. ती काढून मी तिच्यावर हात ठेवला.

"नव्हतं माहीत," मी म्हटलं.

शालन माझ्या हाताकडे बघत राहिली. मग वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.

मी कमरेचं पाकीट काढलं. त्यात दोनशे तीस डॉलर होते. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी तुला देते, घरी गेल्यावर सावकाश दे.

"उसने?" तिनं विचारलं.

"हो. सावकाश दे."

शालन हसली. मोठ्यानं नाही, पण बराच वेळ. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पदर नसल्यामुळे टी-शर्टच्या बाहीनं डोळे पुसून म्हणाली, "दे बाई. शंभर डॉलर दे. उजवीकडे लिही, कुंदाकडून उसने."

मी लिहिलं.

दुसऱ्या सकाळी तिनं खामला तिच्या एकटीच्या पलंगाचे पैसे दिले आणि बाजूला झाली. खामनं माझ्याकडे पाहिलं. माझी चौथी माळ चालू होती. मी पाकीट उघडलं, चाळीस हजार बाहेर काढले आणि एक बोट वर केलं. खामनं पैसे घेतले आणि फळांची बशी माझ्यापुढे सरकवली. मौन मोडावं लागलं नाही. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

परतीच्या पाच दिवसांत आम्ही भांडलो नाही. शालन मला बसमध्ये खिडकीची जागा द्यायची, मी तिची सॅक उचलायला हात लावायची. लोकांनी आम्हाला बहिणी समजलं. बँकॉकच्या विमानतळावर तिनं वही माझ्याकडेच ठेव म्हणून सांगितलं. तिला नको होती.

मिरजेला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी ती घरी आली. उभ्या उभ्याच तिनं एक पाकीट दिलं. शंभर डॉलरचे रुपये, त्या दिवशीच्या भावानं, वर सुटे चौदा रुपये. तिचेच पैसे ती मला परत करत होती आणि दोघींना ते माहीत होतं. मी ते पाकीट घेतलं. घेतलं नसतं तर विचारावं लागलं असतं की का घेत नाही. माझी भावजय हेमा चहा ठेवू का म्हणाली. शालन म्हणाली, नको, निघते.

उद्यापन छान झालं. बारा दांपत्यं जेवली, वामन स्वतः काठी बाजूला ठेवून दक्षिणा वाटत होता. शालन आली. सकाळपासून राबली, पत्रावळी मांडल्या, वरण वाढलं, खरकटं काढलं. शेवटच्या पंगतीला हेमानं तिला हाताला धरून बसवायला आणलं तेव्हा तिनं हात सोडवून घेतला.

"मी नाही जेवणार. मी परान्न सोडलंय."

आजूबाजूच्या बायकांना फार कौतुक वाटलं. एक जण म्हणाली, संगतीचा गुण बघा, कुंदाताईंनी मैत्रिणीलाही मार्गाला लावलं. शालननं तिला नमस्कार केला. माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर ती माझ्या घरचं पाणीही प्यायली नाही.

पुढे मुलाकडे सोयीचं म्हणून ती जयसिंगपूरला राहायला गेली. पेन्शनचा दाखला द्यायला वर्षातून एकदा बँकेत दिसायची. मान हलवायची, गुडघ्याचं विचारायची. मीही विचारायची. माझं व्रत संपलं होतं, पण मी चूल एक केली नाही. लोक म्हणत, काय ही निष्ठा. मी दुसऱ्याच्या हातचं खायला धजत नव्हते, एवढंच होतं ते.

वामन आणखी आठ वर्षं चालला. गेल्या श्रावणात तो पुन्हा पडला आणि या वेळी उठण्यातला नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. वाचा मात्र शाबूत होती. एका दुपारी हेमा औषधं आणायला गेलेली असताना मी त्याला सगळं सांगितलं. माझ्या खोट्यामुळे तो पडला, असं मला म्हणायचं होतं. त्यानं क्षमा करावी असं वाटत होतं.

त्यानं पायाचा विषयच काढला नाही. छताकडे बघत म्हणाला, "अक्का, ती बाई नऊ दिवस उपाशी होती?"

"नऊ नाही. शेवटचे सात-आठ असतील."

हे मी म्हटलं. अजूनही मी दिवस कमी करत होते. वामननं डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. थोड्या वेळानं तो बोलला.

"तिच्या घरी जा. काही घेऊन जाऊ नकोस. पैसे नको, साडी नको, फळं नको. दारात उभी राहा आणि जेवायला वाढ म्हण."

"मी तिच्याकडे खाऊ? तिचं?"

"तिचंच. मला माहीत होतं, म्हण, आणि जेवायला वाढ म्हण."

"आणि नाही वाढलं तर?"

"तर उपाशी परत ये," वामन म्हणाला. "जाशील? मला शब्द दे."

मी त्याच्या बऱ्या हातावर हात ठेवून शब्द दिला. नवव्या दिवशी तो गेला.

दिवसवार झाले. मग पितृपक्ष आला, मग घरात पाहुणे होते, मग माझा दात काढला. दिवाळीत कुणाच्या घरी असं जाऊ नये म्हणून थांबले. थांबायला कारणं मला नेहमीच मिळत आली आहेत. आज सकाळी पूजा झाल्यावर तांदूळ निवडायला घेतले आणि ताटातला पहिला खडा काढताना माझा हात तिथंच राहिला. मी ताट तसंच कट्ट्यावर ठेवलं. गॅस पेटवला नाही.

अकराच्या सुमारास मी लुगडं बदलून बाहेरच्या खोलीत आले. हेमा पेपर वाचत होती. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि कुठे निघालात म्हणून विचारलं. जयसिंगपूरला, शालनकडे, असं मी सांगितलं. जेवायच्या वेळेला कुठे जाता, दोन घास खाऊन निघा, ती म्हणाली.

"तिकडेच जेवायचं आहे."

हेमानं पेपर खाली ठेवला. वीस वर्षांत मी दुसऱ्याच्या घरी जेवलेली तिनं पाहिली नव्हती.

"त्यांनी बोलावलंय?"

"नाही," मी म्हटलं. चपला घातल्या, तिकिटापुरते सुटे पैसे मुठीत धरले आणि स्टँडच्या रस्त्याला लागले.